कंपनीचा ताळेबंद आणि राष्ट्राचा कारभार
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



निवडणुकीचे दिवस आले की चावडीवर, एस.टी.च्या स्थानकावर, कारखान्याच्या फाटकाशी एक युक्तिवाद हटकून ऐकू येतो. पुढाऱ्यांनी देश बुडवला. आता कारभार एखाद्या यशस्वी उद्योजकाच्या हाती द्यावा. ज्याने कंपनी नफ्यात आणली तो देशही नफ्यात आणील. शिवाय त्याचे पोट आधीच भरलेले आहे, त्याला खाण्याची गरज काय? या बोलण्याला कार्यकर्ते बहुधा दोनच उत्तरे देतात. एक, तो भांडवलदार आहे. दोन, तो अप्रामाणिक आहे. पहिल्या उत्तराने सामान्य मतदार बिचकत नाही आणि दुसरे उत्तर त्याला पुढाऱ्यांनाही लागू पडते असे वाटते. तेव्हा या प्रश्नाचा विचार घोषणांच्या पलीकडे जाऊन करावा लागेल. त्यासाठी दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. तेथे हा प्रयोग एकदा नव्हे, तीनदा झाला, आणि त्याचा जमाखर्च आता पुरा मांडता येतो.

पहिला प्रयोग १९५८ सालचा. कागद उत्पादनाच्या सर्वांत मोठ्या कंपनीचे अध्यक्ष आणि मालकांच्या महासंघाचे पुढारी राहिलेले होर्खे आलेस्सांद्री हे अभियंते त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या मंत्रिमंडळाला लोक ‘व्यवस्थापकांचे सरकार’ म्हणत. त्यांच्यानंतर निवडणुकीच्या मार्गाने उजव्यांना राष्ट्राध्यक्षपद मिळायला जानेवारी २०१० उजाडावा लागला. तेव्हा निवडून आलेले सेबास्तियान पिन्येरा हेही उद्योगपतीच. त्यांनी २०१० ते २०१४ आणि पुन्हा २०१८ ते २०२२ असा दोन वेळा कारभार केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. आजचा विषय मुख्यतः त्यांच्याच उमेदवारीचा आहे.

प्रतिपक्षाचे व्यंगचित्र काढून त्याच्याशी झुंजणे सोपे असते, परंतु त्याने काही साधत नाही. पिन्येरा हे काही अडाणी धनिक नव्हते. अर्थशास्त्रात त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती; काही काळ ते प्राध्यापकही होते. चिलीत क्रेडिट कार्डाचा व्यवसाय रुजविणाऱ्यांत त्यांची गणना होते. पुढे लान या विमान कंपनीतील मोठा हिस्सा, चिलेव्हिसिऑन ही दूरचित्रवाणी वाहिनी आणि कोलो-कोलो या लोकप्रिय फुटबॉल क्लबातील भाग त्यांच्याकडे आले, आणि त्यांची संपत्ती एक अब्ज डॉलरच्या वर गेली. तथापि ‘शून्यातून वर आलेला माणूस’ हे वर्णन त्यांना लागू नव्हते. वडील राजदूत होते. विमान कंपनीही त्यांनी स्थापन केलेली नव्हती. ती सरकारची होती, लष्करी राजवटीच्या अखेरीस १९८९ मध्ये खासगी झाली आणि नंतर त्यांच्या हाती आली. शून्यातून कंपनी उभारण्याच्या बहुतेक कथांच्या तळाशी असे एखादे सार्वजनिक शून्य सापडते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. जनरल पिनोशे यांना आणखी आठ वर्षे सत्ता द्यावी काय, या प्रश्नावर १९८८ मध्ये जे सार्वमत झाले त्यात पिन्येरा यांनी ‘नाही’ असे मत दिले आणि ते जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी मात्र पिनोशे यांचेच माजी अर्थमंत्री एर्नान ब्युखी यांच्या प्रचाराची सूत्रे त्यांनी हाती घेतली. हुकूमशहा नको, पण हुकूमशहाने घालून दिलेली अर्थव्यवस्था हवी, असा या दोन कृतींचा एकत्रित अर्थ होतो. डाव्यांनी कित्येक वर्षे त्यांना ‘पिनोशेचा वारस’ म्हटले. १९८८ साल आठवणाऱ्या मतदारांना ते पटले नाही, आणि न पटणे साहजिक होते. त्यांच्याशी वाद घालायचा तो अर्थव्यवस्थेवर घालायला हवा होता.

आता प्रामाणिकपणाचा मुद्दा. २००६ मध्ये संचालक मंडळाच्या बैठकीत कंपनीचे हिशेब पाहिल्यावर, ते जाहीर होण्यापूर्वीच, पिन्येरा यांनी लान कंपनीचे सुमारे तीस लाख भाग खरेदी केले. यासाठी नियामक संस्थेने २००७ मध्ये त्यांना सुमारे ३६ कोटी पेसोंचा दंड केला. त्यांनी अपील न करता तो भरला. दोन वर्षांनंतर मतदारांनी त्यांना निवडून दिले. राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हाही विमान कंपनीतील त्यांचा हिस्सा पुरा विकून झालेला नव्हता. वाहिनी तर त्यानंतर काही महिन्यांनी विकली गेली. पेरू आणि चिली यांच्यातील सागरी सीमेचा खटला हेगच्या न्यायालयात चालू असतानाच त्यांच्या कुटुंबाच्या कंपनीने पेरूतील एका मासेमारी कंपनीत पैसा गुंतविला होता, हे २०१६ मध्ये उजेडात आले. तरी २०१७ मध्ये ते पहिल्यापेक्षा अधिक मतांनी, ५४.६ टक्क्यांनी, पुन्हा निवडून आले. कागदपत्रे फुटून एका खाण प्रकल्पाच्या विक्रीचे प्रकरण २०२१ मध्ये निघाले. प्रतिनिधी सभेने त्यांच्यावर महाभियोगाचा ठराव केला, परंतु सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. त्यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारले.

यातून काय दिसते? मतदार या गोष्टी जाणत होता आणि जाणूनही मत देत होता. ‘धंद्यात एवढे चालायचेच’ अशी त्याची समजूत होती. आपल्याकडील मतदारही याहून फारसा वेगळा नाही. ‘पोट भरलेला माणूस खात नाही’ या म्हणण्याचे खंडन करायला चिलीचा इतिहास भरपूर आहे. पण ते खंडन झाल्यावरही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. समजा, उद्योगपती पूर्णपणे सचोटीचा निघाला, तर त्याच्या हाती राज्य द्यावे काय?

येथे अर्थशास्त्राची थोडी मदत घ्यावी लागेल. कंपनी आणि राष्ट्र यांत आकाराचा फरक आहे असे समजले जाते. वास्तविक फरक जातीचा आहे. कंपनीला तोटा होऊ लागला की ती पाचशे कामगार कमी करते आणि तिचा ताळेबंद सुधारतो. ते पाचशे कामगार मात्र नाहीसे होत नाहीत. ते राष्ट्राच्या ताळेबंदात बेकार म्हणून, रुग्ण म्हणून, शाळा सोडलेल्या मुलांचे बाप म्हणून शिल्लकच राहतात. कंपनीच्या कार्यक्षमतेचा बराच भाग असा आपला खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्यातून निर्माण होतो, आणि ते दुसरे खाते बहुतेक वेळा शासनाचे असते. राष्ट्राला खर्च ढकलायला असे दुसरे खातेच नसते. नागरिकाला सेवामुक्त करता येत नाही. मंदीत प्रत्येक कंपनीने खर्च कमी केला तर ती शहाणपणाने वागली असे म्हणतात. शासनानेही तेच केले तर मंदी अधिक खोल जाते, हे केन्सने दाखवून दिल्यालाही आता नव्वद वर्षे होत आली.

दुसरा भेद अधिकाराचा. कंपनीत मत भागांना असते, माणसांना नसते. ज्याचे भाग अधिक त्याचा शब्द अखेरचा. बाजाराच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणारा उद्योजक आपल्या कंपनीच्या आत मात्र बाजार चालू देत नाही. तेथे हुकूम चालतो, आणि उत्पादनाच्या दृष्टीने तो कदाचित आवश्यकही असेल. परंतु आयुष्याची तीस वर्षे हुकूम देण्यात गेलेल्या माणसाला विरोध हा कारभारातील अडथळा वाटू लागतो. लोकशाहीत विरोध हा कारभाराचाच भाग आहे, ही गोष्ट शिकविणारी कोणतीही व्यवस्थापनशाळा नाही.

पिन्येरा यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात कंपन्यांतून आलेल्या व्यवस्थापकांचा भरणा होता. लॉरेन्स गोल्बोर्न हे खाणमंत्री एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीचे सरव्यवस्थापक होते. ऑगस्ट २०१० मध्ये सान होसे खाणीत ३३ खाणकामगार गाडले गेले आणि ६९ दिवसांनी सर्वच्या सर्व जिवंत बाहेर आले. त्या कामगिरीचे श्रेय सरकारला द्यावेच लागेल. उद्दिष्ट एकच, ते स्पष्ट, आणि त्याबद्दल देशात मतभेद नाही, असे काम असले की व्यवस्थापक ते उत्तम करतो. (खाणीत सुरक्षेचे नियम का पाळले गेले नव्हते, हा प्रश्न व्यवस्थापनाचा नसून सत्तेचा होता, आणि तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर फारसा आला नाही.) पुढच्याच वर्षी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि येथे उद्दिष्टाबद्दलच मतभेद होता. शिक्षण हा हक्क आहे की खरेदीची वस्तू? जुलै २०११ मध्ये एका शिक्षणसंस्थेच्या समारंभात राष्ट्राध्यक्ष म्हणाले की शिक्षण ही एका अर्थी उपभोग्य वस्तू आहे आणि गुंतवणूकही आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे वाक्य खपून गेले असते. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलांच्या तोंडावर ते बोलले गेले तेव्हा सारा देश पेटला. सरकारची लोकप्रियता तीस टक्क्यांच्या खाली गेली.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की याच सरकारने प्रसूतिरजा सहा महिन्यांपर्यंत वाढविली, भूकंपानंतरच्या पुनर्रचनेसाठी कंपन्यांवरील कर सतरावरून वीस टक्क्यांवर नेला, आणि लष्करी राजवटीतील गुन्हेगार अधिकाऱ्यांचा आरामशीर तुरुंग २०१३ मध्ये बंद केला. त्याच सरकारने पाणीपुरवठा कंपन्यांतील शासनाचे भागही २०११ मध्ये विकले.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न या सर्वांहून महत्त्वाचा आहे, आणि तेथे चिलीची कथा आपल्या दाराशी येऊन पोहोचते. सेबास्तियान यांचे थोरले बंधू होसे पिन्येरा हे पिनोशे यांचे श्रममंत्री होते. १९७९ च्या कामगार कायद्यांनी त्यांनी सामुदायिक वाटाघाटी एकेका कंपनीपुरत्या कोंडून टाकल्या आणि संपकऱ्यांच्या जागी दुसरे कामगार घेण्याची मुभा मालकांना दिली. पुढच्या वर्षी त्यांनी सामाजिक विम्याची जुनी पद्धत मोडीत काढली. मे १९८१ पासून प्रत्येक कामगाराच्या पगारातून दहा टक्के रक्कम त्याच्या स्वतंत्र खात्यात जमा होऊ लागली, ती खासगी कंपन्या भांडवल बाजारात गुंतवू लागल्या आणि मालकाचे योगदान शून्यावर आले. हा कायदा मंजूर करायला संसद नव्हतीच. आणि ज्या सैन्याच्या बळावर तो लादला गेला त्या सैन्याला मात्र त्यातून वगळण्यात आले. सेनाधिकाऱ्यांना आपल्या म्हातारपणाबाबत बाजारावर तेवढा विश्वास नव्हता!

चाळीस वर्षांनी या योजनेचा हिशेब असा निघाला : भांडवल बाजाराला स्वस्त पैशाचा अखंड झरा मिळाला, निधी सांभाळणाऱ्या कंपन्यांना भरघोस नफा मिळाला, आणि निम्म्याहून अधिक निवृत्तांना किमान वेतनाहूनही कमी निवृत्तिवेतन मिळू लागले. २०१६ मध्ये लाखो लोक या कंपन्यांविरुद्ध रस्त्यावर आले. मालकांचे योगदान टप्प्याटप्प्याने परत आणणारा कायदा होण्यास २०२५ साल यावे लागले, आणि खासगी निधी कंपन्या त्यानंतरही उभ्याच आहेत.

याच नमुन्याची शिफारस जागतिक बँकेने १९९४ नंतर जगभर केली. भारतात १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांचे हमीचे निवृत्तिवेतन गेले आणि वैयक्तिक खाते आले. आपल्याकडे शासनही आपला वाटा भरते, हा फरक लहान नाही. परंतु बाजाराची जोखीम व्यक्तीच्या शिरावर टाकण्याचे तत्त्व तेच. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शिक्षक, परिचारिका, कारकून सात दिवस संपावर गेले तेव्हा, सान्तियागोचे नावही न घेता, ते तेथीलच प्रश्न विचारीत होते. त्या वेळी ‘हे आळशी कर्मचारी तिजोरी खाणार’ अशी जी टीका झाली ती कंपनीच्या ताळेबंदाची भाषा होती.

येथवरचे विवेचन डाव्यांना सुखावणारे आहे. पुढचे तसे नाही. पिन्येरा निवडून आले कसे? मावळत्या राष्ट्राध्यक्ष मिचेल बाशेले या समाजवादी पक्षाच्या. पदावरून जाताना त्यांची लोकप्रियता ऐंशी टक्क्यांच्या घरात होती. वीस वर्षांच्या मध्य-डाव्या आघाडीच्या काळात दारिद्र्याचे प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांच्या आसपास आले होते. असे असता पराभव व्हावा, याचे कारण त्या आघाडीने स्वीकारलेल्या मार्गात आहे. पाण्याचे खासगीकरण एदुआर्दो फ्रेई यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. बँकांना सरकारी हमी देऊन विद्यार्थ्यांना कर्जात लोटणारी योजना २००५ मध्ये रिकार्दो लागोस या समाजवादी राष्ट्राध्यक्षांच्या काळात आली. खासगी निवृत्तिवेतन कंपन्यांना वीस वर्षांत कोणी हात लावला नाही. बाशेले यांनी २००८ मध्ये गरिबांसाठी शासकीय पायाभूत निवृत्तिवेतन आणले, ते मात्र खरेखुरे पाऊल होते. दुकान तेच ठेवून आम्ही ते अधिक दयाळूपणे चालवू, असे एकदा म्हटले की मग दुकान चालविण्यात निष्णात असलेल्याला गिऱ्हाईक का बोलावणार नाही? आणि आघाडीने २००९ मध्ये उमेदवार पुढे केला तो पुन्हा फ्रेईच. तेही अभियंते, आणि एका मोठ्या बांधकाम कंपनीत वर्षानुवर्षे काढलेले. उद्योगपतीविरुद्ध लढण्यासाठी थकलेला कंत्राटदार!

त्यामुळे आघाडीतून तरुण खासदार मार्को एन्रिकेझ-ओमिनामी बाहेर पडले आणि स्वतंत्रपणे उभे राहिले. डिसेंबर २००९ च्या पहिल्या फेरीत पिन्येरा यांना ४४, फ्रेई यांना सुमारे साडेएकोणतीस आणि या तरुणाला २० टक्के मते मिळाली. डाव्या आघाडीचे होर्खे आर्राते यांना सहा. दुसऱ्या फेरीपूर्वीचा महिना डाव्यांच्या वर्तुळात जो वाद झाला तो कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. एक बाजू म्हणे, फ्रेई आणि पिन्येरा यांत फरक काय? चार वर्षे उजव्यांना येऊ द्या, डावे शुद्ध होऊन परततील. दुसरी बाजू म्हणे, घर जळत असताना शुद्धीचा मुहूर्त पाहू नये. चर्चा गाजली ती पक्षाध्यक्षांच्या राजीनाम्यांची. दोघांनी ते दिलेही. मतदानाला चार दिवस उरले असता एन्रिकेझ-ओमिनामी यांनी पाठिंबा जाहीर केला, तोही फ्रेई यांचे नाव न उच्चारता, ‘ज्याला २९ टक्के मते पडली त्या उमेदवाराला’ अशा शब्दांत. पिन्येरा ५१.६ टक्के मते घेऊन जिंकले.

दोन्ही बाजूंत तथ्य होते, तरी पहिली बाजू चुकीची होती. पराभवाने पक्ष शुद्ध होतो या समजुतीला चिलीत तरी आधार सापडत नाही. त्या चार वर्षांत डाव्यांना जे नवे बळ मिळाले ते सत्ता गेल्यामुळे मिळाले नाही, ते विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यामुळे मिळाले. आणि हेच विद्यार्थी, त्यांचे कनिष्ठ बंधू म्हणा हवे तर, २००६ मध्ये बाशेले यांच्या सरकारविरुद्धही उतरलेच होते. दुसऱ्या बाजूची चूक वेगळी. तिने पाठिंबा मागितला, पण त्याची किंमत धोरणात मोजायची तयारी दाखविली नाही. शैक्षणिक कर्जाची योजना मागे घेऊ, निधी कंपन्यांच्या जोडीला सरकारी निधी काढू, असे एक लेखी वचन राजीनाम्यांच्या चर्चेपेक्षा अधिक मते आणू शकले असते.

२०१७ मध्ये डावे पुन्हा तुकड्यातुकड्यांत लढले. त्यानंतरची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सान्तियागोच्या भुयारी रेल्वेचे गर्दीच्या वेळचे भाडे ८०० वरून ८३० पेसो झाले. ही वाढ मंत्र्यांनी ठरविलीच नव्हती. इंधन, चलनाचा दर, मजुरी यांच्या निर्देशांकांवरून तज्ज्ञांचे मंडळ ती सूत्राने काढत असे. म्हणजे जाब विचारायला कोणी माणूसच नको, अशी ही व्यवस्था होती. अर्थखात्याच्या एका मंत्र्याने लोकांना सुचविले की पहाटे लवकर निघावे, म्हणजे भाडे कमी पडेल. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्षांनी चिलीचे वर्णन अशांत खंडातील हिरवळ असे केले होते. शाळकरी मुलांनी फाटकांवरून उड्या मारायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांच्या भाड्यात एक पेसोचीही वाढ झालेली नव्हती. ती मुले आईबापांच्या भाड्यासाठी उड्या मारीत होती. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी पुकारली, सैन्य बाहेर काढले आणि देश एका बलाढ्य शत्रूशी युद्ध करीत आहे असे सांगितले. तीसहून अधिक माणसे मेली, शेकडोंचे डोळे छर्ऱ्यांनी जायबंदी झाले. २५ ऑक्टोबरला राजधानीत दहा लाखांहून अधिक लोक जमले. तीस पेसोंचा नव्हे, तीस वर्षांचा हा प्रश्न आहे, असे ते म्हणत होते, आणि त्या तीस वर्षांपैकी चोवीस वर्षे मध्य-डाव्यांची होती.

जाता जाता १९५८ चे आकडे. आलेस्सांद्री यांनी साल्वादोर आयेंदे यांचा पराभव केला तो सुमारे ३३ हजार मतांनी. त्याच निवडणुकीत कातापिल्को गावचा एक माजी धर्मगुरू, गरिबांचा कैवारी म्हणून, डाव्यांचीच भाषा बोलत उभा होता. त्याला सुमारे ४१ हजार मते पडली. आयेंदे यांना त्यानंतर बारा वर्षे थांबावे लागले, आणि १९७० मध्ये त्यांनी ज्यांना हरविले त्यांत पुन्हा उभे राहिलेले आलेस्सांद्री होते.